हजराची टेप

हजराच्या गळ्यातली शिवणाची टेप आंघोळीपुरती आणि नमाजापुरती उतरायची. दोहातल्या फरीज बिन ओमरान या वस्तीत, दोन खोल्यांत वीस वर्षं ती बायकांचे कपडे शिवत होती. गेल्या शुक्रवारी नवऱ्याने, अश्फाकने, ती टेप न विचारता नेली आणि काळीकुट्ट करून आणली. घाईत हजराने तीच लावली, तर एका नवरीच्या पांढऱ्या कुर्त्यावर डाग उमटला. म्हणून या शुक्रवारी टेप गळ्यात घालून ती स्वतःच अल खोर शहराबाहेरच्या रेसच्या मैदानावर गेली.

अश्फाक तिथे एका गाडीचे टायर सांभाळायचा. लंबगोल ट्रॅकवर गाडी सतत डावीकडेच वळते, म्हणून मागचा उजवा टायर डाव्याहून घेराने मोठा लागतो. सरावात त्यांची गाडी मात्र दर वळणाला बाहेर, भिंतीकडे सरकत होती.

"दीड इंचाचा फरक ठेवलाय," अश्फाक कपाळ पुसत म्हणाला.

"उजवा उन्हात पडलेला, डावा सावलीत. तसेच मोजलेत तुम्ही," हजरा म्हणाली. "कोरं कापड न भिजवता बेतलं की काय होतं, ते मला विचारा."

तिने सगळे टायर सावलीत आणवले, निवू दिले, एकेक मोजला. फरक जेमतेम अर्धा इंच. ढिगातून मोठा टायर निवडून तिने शिवणाच्या खडूने खूण केली. तो बसवल्यावर गाडी शहाण्यासारखी वळली.

टीमचा इंजिनिअर, पुण्याचा मिहीर, खूश झाला. "अश्फाकभाई, असा डोळा पाहिजे."

"अनुभव असतो सर," अश्फाक म्हणाला.

हजरा तिथेच, दोन हातांवर, गुडघ्यांची माती झटकत उभी होती. ती आपल्या गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली.

थोड्या वेळाने अश्फाकने काचेवर टकटक केलं. "टेप दे. पात्रता फेरीचे नवे टायर आलेत. वीस मिनिटं राहिली."

"अनुभवाने मोजा."

"चेष्टा नको. पहिल्या आठांत आलो नाही तर रेस खलास."

"मग जा, कोणी मोजलं ते सांगून या."

"सगळ्यांसमोर?"

"खोटं काय कोपऱ्यात बोललात?"

तो घुटमळला. मग गेला. मान खाली घालून तो बोलताना तिला काचेतून दिसला. मिहीरने वळून पाहिलं आणि स्वतःच आला.

"भाभी, यल्ला, चला लवकर, प्लीज."

हजराने घाई न करता नऊ टायर मोजले, त्यातले दोन काढून दिले. गाडी सातवी आली.

मिहीर कागद भरत होता. 'टायरची मापं' या रकान्यात त्याने लिहिलं, मिसेस अश्फाक. हजराने पेन मागून घेतलं, ते खोडलं आणि आपलं नाव लिहिलं.

घरी परतताना टेप पुन्हा काळी झालेली होती. ती पाहून अश्फाकला हसू आलं.

"हसायला काय झालं?" ती अश्फाकला म्हणाली. "तो कुर्ता आज तुम्ही धुवायचाय. डाग जाईपर्यंत."