राबाखालची गुलछडी

शेणवे गावाच्या बाजूला आमचं घर. घराच्या अंगाला, कपडे धुवायच्या दगडापलीकडे, चार खाटा मावतील एवढा तुकडा आहे. त्यात सुनेने गुलछडीचे गड्डे लावले होते. तिचं माहेर मुरबाडकडचं. तिच्या आईच्या अंगणात ही गुलछडी पहिल्यापासून होती. ते घर विकलं, नव्या मालकाने अंगणावर सिमेंट ओतलं, आणि आई आता मुलाकडे कल्याणला चौथ्या मजल्यावर राहते. निघताना मायलेकींनी हाताला लागले तेवढे गड्डे उपटून खताच्या रिकाम्या गोणीत भरले. त्या अंगणातलं उरलं ते एवढंच.

पहिल्या वर्षी नुसती पात आली, कांद्याच्या पातीसारखी. फूल नाही. सून रोज वाकून बघायची. मी शाळेत फार टिकलो नाही, पण जमिनीचं मला कोणी शिकवू नये. मी म्हटलं, "जमीन थंड पडलेय. राब भाजायला पायजे."

आमच्याकडे भाताचं रोप करायच्या जागेवर आधी शेण, टहाळ, पातेरा, पेंढा असे थर देतात, वर माती भुरभुरवतात आणि पेटवतात. तो राब. वाऱ्याच्या उलट पेटवायचं, म्हणजे जाळ पळत नाही, बसून बसून जळतो. तण मरतं, जमीन उमेदीत येते.

"बाबा, गड्डे आत हायत. भाजून निघतील," सून बोलली.

"तुज्या वयापेक्षा जास्त राब भाजलेत मी."

"भाताला भाजलेत. भात तेवा कणगीत असतो, जमिनीत नाय."

बोलली ते बरोबर होतं. पण तोंडावर कोणी बरोबर बोललं की माझं डोकं फिरतं.

वैशाखात ती लग्नाला कल्याणला गेली आणि मी त्या तुकड्यावर राब रचला. माझी म्हातारी ओट्यावरून ओरडत होती, "अवो, पोर येऊन रडेल!"

"रडू दे. भादव्यात हसेल," म्हटलं आणि काडी लावली. दिवस मावळला तरी धुमसत होता.

दुसऱ्या दिवशी सून आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून काळ्या राखेकडे बघत राहिली. मग खाली बसून हाताने राख सारली आणि वरच्यावर असलेला एक गड्डा काढला. काळा, मऊ, चुलीत भाजलेल्या कांद्यासारखा. तो आणून माझ्यापुढे ठेवला.

"मीठ देऊ, बाबा?"

म्हातारी फिसकन हसली आणि तिने पदर तोंडाला लावला. सून हसली नाही. आत गेली ती गेली. पुढे कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

ती आत गेल्यावर मी त्या राखेपाशी जाऊन बसलो. बोट खुपसलं. वर अजून ऊब होती. दुसरं पेर आत गेलं आणि माती गार लागली. रांजणाखालच्या मातीसारखी गार. माझा जन्म राब भाजण्यात गेला, पण विस्तव खाली किती उतरतो ते मी कधी बघितलंच नव्हतं. वर एवढा जाळ, आणि दोन पेरांखाली त्याची वार्तासुद्धा नाही! बोट तसंच मातीत ठेवून बसून राहिलो. बाकीचे गड्डे किती खोल होते ते मला माहीत नव्हतं. उकरून बघायची हिंमत झाली नाही. सगळे काळे निघाले तर?

पाऊस लागला, लावणी झाली. शेतावरून आलो की पाय धुवायला दगडापाशी जायचो आणि आधी तिकडे बघायचो. कुठे कुठे गवत उगवलं. मग एकदा त्या गवतात एक पात वेगळी दिसली, बुडाशी लालसर. मी हाक मारली नाही. म्हटलं, माझी नजर फसली असेल. पण दुसऱ्या दिवशी बाजूला आणखी दिसल्या, मग तुकडा भरलाच. सून बघून गेली आणि मग खुरपं घेऊन गवत काढायला बसली.

श्रावण सरता सरता कमरेएवढे दांडे निघाले. भादव्यात दिवेलागणीला मी ओट्यावर बसलो होतो आणि वास आला. आला म्हणजे काय, घर भरलं. रस्त्याने जाणारे मोटारसायकल हळू करून आमच्या दाराकडे बघायला लागले. मी जवळ गेलो. खालची फुलं उमललेली, वरच्या कळ्या अजून मिटलेल्या. बोटाच्या पेराएवढं फूल, त्यात एवढा वास मावतो कुठे? शेणाला तो नाही, राखेला नाही, मातीला नाही. गड्ड्याला पण नाही, मी हुंगून बघितलाय. मग त्याने आणला कुठून? मी म्हातारा माणूस, हात जोडून उभा राहिलो.

सून मागे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "बघितलास माझा राब?"

तिने दगडाच्या कडेला बोट दाखवलं. "तिथं तुमचा राब पोचलाच नव्हता, बाबा. दगड तडकेल म्हणून तुमीच सोडलात. तिथं पण तेवढीच आलीत. गेल्या साली गड्डे लहान होते. आई बोललीवती, एक वरीस जाऊ दे."

बघितलं. खरंच तेवढीच होती. म्हणजे मी भाजलं नसतं तरी आली असती, आणि भाजलं तरी आली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

तिने आईला व्हिडिओवाला फोन लावून फुलांपुढे धरला. "आई, आली गो! सगळी आली!" पलीकडून विहीणबाई नाक पुसत बोलल्या, "व्याह्यांना दे." सुनेने फोन माझ्या हातात दिला.

"व्याही, आमच्या अंगणात पण एवडी कवा आली नव्हती. काय घातलंत?"

सून माझ्याकडे बघत होती. 'राब' हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता.

"काय नाय घातलं," मी बोललो. "त्यांची ती आली. तुमी गौरी बसायच्या आत या बघायला."