इराच्या पायांची परीक्षा

हीथ्रोच्या धावपट्टीला विमानाची चाकं लागली, तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईंचा हात गच्च धरून बसले होते. त्या हसून म्हणाल्या, "उतरलो हो आपण, सोडा आता!" कराडच्या शाळेत तीस वर्षं शिट्टी वाजवून पोरांना धाकात ठेवलेली मी पीटीची बाई, पण मुळात भित्री भागूबाई. २००७ च्या फेब्रुवारीत मी इंग्लंडला गेले ती धाकट्या भावाच्या, मिलिंदच्या घरी. त्याची बायको सई बाळंत झाली होती. माझ्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि मालिशसाठी तिळाच्या तेलाच्या दोन बाटल्या होत्या. बॅले नावाच्या प्रकाराशी माझा संबंध येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

मिलिंद हाउन्सलोला राहतो. घरावरून दर दोन मिनिटांनी विमान जातं आणि कपबशा थरथरतात. मी पहिले दोन दिवस प्रत्येक विमानाला मान खाली घालत होते. घरात बाळ, बाळंतीण आणि मिलिंदची थोरली मुलगी इरा. वय बारा. काडीसारखी अंगकाठी, मान मात्र ताठ. ती बर्मिंगहॅमच्या एका बॅले शाळेत शिकत होती. तिथेच राहायचं, सकाळी शाळेचा अभ्यास, दुपारपासून नाच. फी सरकार भरतं, कारण निवडक मुलांनाच तिथे घेतात. दरवर्षी फेब्रुवारीत परीक्षा होते. त्यात जो उतरत नाही, त्याला शाळाच सोडावी लागते.

सुट्टी संपली आणि मिलिंद म्हणाला, "ताई, तूच सोड ना तिला. परीक्षेला घरचं कुणीतरी लागतं. मला रजा नाही, सईला तर उठवतही नाहीये."

"मी? अरे, मला इथे कोपऱ्यावर दूध आणायला जायची भीती वाटते!"

पण पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. गेले झालं.

युस्टन स्टेशनवरून ट्रेन सुटली. बाहेर निष्पर्ण झाडं, ओली कुरणं, मेंढ्या. मी कौतुकाने मोठमोठ्याने बोलत होते. इतक्यात समोरच्या गृहस्थांनी खिडकीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. हा म्हणे शांत डबा, इथे बोलायचं नाही! इरा लाजेने लाल झाली. मी जेवणाचा डबा उघडून तिच्यापुढे थालीपीठ धरलं. तिने एक तुकडा मोडला आणि झाकण लावलं.

"आत्या, नको. पोट फ्लॅट दिसायला पायजे," ती कुजबुजली.

मी आयुष्यभर मुलांना "जेवा आणि मग पळा" असं सांगत आले होते.

ती रात्र आम्ही शाळेजवळच्या एका छोट्या पाहुणघरात काढली. परीक्षेच्या सकाळी इराने मोजे काढले आणि मी वाकून पाहिलं. अंगठ्याचं नख काळंनिळं, बोटांवर फोड, टाचेवर सालटं निघालेली.

"माझी पाय थोडीशी दुखते," ती म्हणाली.

व्याकरण सुधारायला माझी जीभच उचलली नाही. बाळाला रोज रगडून माझ्या हातांना मालिशची सवयच लागली होती. तेलाची बाटली सोबत होतीच. पोरीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि कोमट तेलाने टाचेपासून बोटांपर्यंत चांगले चोळले. तिने डोळे मिटले. "आत्या, इट्स सो नाइस." मी पाय टॉवेलने पुसले आणि स्वतःवरच खूश झाले.

शाळेत आमच्यासारखी पाच-सहा आईबापं एका लांब व्हरांड्यात बसली होती. आत जायची परवानगी नव्हती, फक्त दाराला एक अरुंद काच होती. बोलणं कुजबुजत, खोकलाही रुमालात. इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात, तसं. माझ्या शेजारी जॅनेट नावाच्या बाई होत्या, लीड्सहून आलेल्या. दाराशी लाकडी ट्रेमध्ये पिवळे खडे ठेवले होते. प्रत्येक मुलगी आत जाण्याआधी त्यावर बूट घासत होती, काही जणी टाचेलाही चोळत होत्या.

"ते काय?" मी विचारलं.

"रॉझिन (राळ). पाय बुटात घट्ट राहावा, टाच निसटू नये म्हणून," जॅनेट म्हणाल्या. "एवढंसं काही निसरडं चालत नाही हो. परवा माझ्या लेकीने हाताला क्रीम लावलं, तर मी ओरडले तिला!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेल! करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी उठले, तेवढ्यात इरा राळ घासून आत गेली आणि दार बंद झालं. देवा, आता काय करू? ठोठावायची सोय नव्हती.

काचेतून मला तिचा अर्धाच देह दिसत होता. बार (भिंतीलगतचा लाकडी दांडा) धरून सुरुवात छान झाली. मग मुली मधोमध आल्या. टेबलामागे तिघी परीक्षक, कुणाच्याही चेहऱ्यावर रेषा नाही. इरा उडी मारून खाली आली आणि तिची उजवी टाच बुटातून बाहेर आली. ती अडखळली. बूट तसाच फरफटत ओळीत उभी राहिली, पुन्हा उडी मारली. मी भिंतीला टेकले.

तासाभराने शाळेच्या बाईंनी प्रत्येकाच्या हातात बंद पाकीट दिलं. इरा कपडे बदलायला गेली होती. मी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं. मेहनत उत्तम, संगीताची जाण उत्तम. परंतु तपासणीत असं दिसतं की खुब्याचं हाड या कामाला पुरेसं बाहेर वळत नाही, आणि वाढत्या वयात ते वळणारही नाही. म्हणून पुढच्या वर्षी जागा देता येत नाही.

टाचेचा उल्लेखही नव्हता. चूक कुणाचीच नव्हती, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. पोरीने दोन वर्षं नखं काळी करून घेतली, पण हाड जन्मतःच तसं होतं.

इरा बाहेर आली, माझा चेहरा बघून थांबली. "नाही ना? माझी टाच निघाली म्हणून?"

मी म्हणाले, "हो. माझ्या तेलामुळे झालं, बाळा. मीच घात केला."

तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती जे ओरडली ते सगळं इंग्रजीत होतं, पण कळायचं ते कळलं. ती तिथे राहायला तयार होईना, म्हणून शाळेने तिला काही आठवडे घरी न्यायची परवानगी दिली. परतीच्या ट्रेनमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. रडून रडून शेवटी मलाच डुलकी लागली.

पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी वाढलेलं ताट घ्यायची, वर बघायची नाही. मिलिंदला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हे कशाला ओढवून घेतलंस?" मी म्हटलं, "तुझं शरीरच यात चालणार नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?" पण पोरगी जन्मभर माझा राग करील, असं मला वाटायला लागलं होतं.

मी निघाले त्या दिवशी इरा मिलिंदबरोबर विमानतळावर आली. तो ट्रॉली आणायला गेला, तेव्हा ती एकदम म्हणाली, "आत्या, लेटर मी वाचलं होतं. ट्रेनमध्ये, तू झोपली तेव्हा."

"अगं! मग माझ्यावर एवढी का रागावलीस?"

"हिपवर कसं रागवणार?" ती म्हणाली. "बाबांवर रागावले असते तर ते रडले असते. आई तर आधीच थकलीये. तू जाणारच होतीस ना."

आणि तिने मला घट्ट मिठी मारली.

कराडला आल्यावर सगळे विचारतात, विलायत कशी वाटली? मी सांगते, थंडी फार, चहा बेचव. बाकीचं सांगत नाही. विमानाची भीती आता जरा कमी झाली आहे. पण बारा वर्षांच्या त्या पोरीने, कोण किती सोसू शकेल याचा विचार करून आपला राग कुठे ठेवायचा ते ठरवलं, हे आठवलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.