रांजणातला खर्ज

श्रीगोंद्याला असताना आम्हा चौघांनाच काय ते कान आहेत, बाकी गावाला नुसत्या पाळ्या, असं आमचं प्रामाणिक मत होतं. चौघे म्हणजे हायस्कुलातले सायन्सचे मास्तर, वेशीजवळचे घड्याळजी, दवाखान्यातले कंपाउंडर आणि साखर कारखान्यात कारकुनी करणारा मी. दर रविवारी सकाळी नऊला सगळे माझ्या बाहेरच्या खोलीत जमायचे, कारण मोठा वॉल्व्हचा रेडिओ माझ्याकडे होता. बटण फिरवलं की तो तापायला दोन मिनिटं घ्यायचा, मग त्याचा हिरवा डोळा हळूहळू उघडायचा. तेवढा वेळ आम्ही देवळात उभं राहावं तसे गप्प असायचो. आमच्या बैठकीतली शांतता तेवढीच.

"आज आवाज जरा पिवळट येतोय," मास्तर सुरुवात करायचे.

"व्होल्टेज कमी आहे," घड्याळजी म्हणायचे.

"व्होल्टेज नाही, यांची एरियल वाकलीय. कावळा बसला असणार."

"मग कावळ्यानं बसायचं कुठं? झाडाला पान राहिलंय का एक?"

असं करत बोलणं दुष्काळावर यायचं, तिथून रेशनच्या लाल ज्वारीवर, तिथून कंपाउंडरांच्या मेव्हणीच्या न जमणाऱ्या लग्नावर, आणि फिरून रेकॉर्डच्या सुईवर. लाल ज्वारीच्या भाकरीनं घसा खरखरतो तशी तुमची सुई खरखरते, असं कंपाउंडर मला दर आठवड्याला सांगायचे. सांगताना चहात पाव बुडवत असायचे.

रेडिओला जोडलेल्या प्लेअरवर आम्ही एकच तबकडी लावायचो, कारण आवाजाच्या परीक्षेला ती फार चांगली, असं मास्तरांचं म्हणणं होतं. सुरुवातीला तबला घुमायचा, मग सतार यायची, मग बाई ध्रुपद उचलायची, आणि मास्तर सुई उचलायचे. "पाहिलंत? खर्ज तुटतोय." पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं आम्ही ते गाणं ऐकत होतो आणि त्याला अंतरा आहे की नाही हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

बढाया मात्र भरपूर. घड्याळजींना म्हणे डोळे मिटून सुई जुनी की नवी ते कळायचं. मास्तर शेजारच्या खोलीतून सांगू शकायचे की कुठला वॉल्व्ह बदललाय. मला यंत्रातलं तितकं समजत नव्हतं, म्हणून मी माझा वेगळा पाट मांडून घेतला होता. "माणसाचा आवाज एकदा कानावर पडला की मी तो हजारांत ओळखतो," असं मी सांगायचो. कुणी पडताळा मागितला नव्हता, त्यामुळे ते टिकून होतं.

आमच्याकडे दूध घालायला वस्तीवरचा एक शेतकरी यायचा. म्हशीला वैरण कुठून आणायची या चिंतेत तो वाळून गेला होता, पण सायकलच्या दांडीला त्याचा ट्रान्झिस्टर मात्र कायम लटकलेला. बॅटरीचं झाकण हरवलं होतं, तिथं त्यानं ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं. रविवारी तो दारात आला की आम्हाला चेव यायचा.

"अहो, या डबड्यात खडे भरलेत का?" घड्याळजी विचारायचे.

"असत्याल की," तो दूध मापता मापता म्हणायचा. "पर मानूस काय म्हनतंय ते कळतंय न्हवं?"

आम्ही एकमेकांकडे पाहून हसायचो. माणूस काय म्हणतोय हा प्रश्न आमच्या बैठकीत कधी निघालाच नव्हता.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळाला पुण्याच्या रेडिओ केंद्रावर बोलावणं आलं. गुरुवारी दुपारी बायकांच्या कार्यक्रमात दहा मिनिटं गायचं. आधी टेप करून ठेवणं वगैरे नाही. तिथं बसून म्हणायचं आणि त्याच क्षणी ते सगळीकडे ऐकू जायचं. मंडळातल्याच एका बाईंनी रचलेलं पद होतं. त्यात एक ओळ माझ्या बायकोनं एकटीनं म्हणायची, मग बाकीच्या सात जणींनी धरायची. 'आड कोरडा पडला, माहेरी सांगू नका.'

महिनाभर ती ती ओळ म्हणत होती. केर काढताना म्हणायची, सकाळी दुधाचं पातेलं घेऊन दारात उभी असताना म्हणायची. दूधवाला माप हातात धरून थांबायचा, ओळ संपली की दूध ओतायचा. मी बाहेरच्या खोलीत रेडिओचा हम, म्हणजे मागे सतत चालणारी घूंघूं, कुठून येते ते शोधत असायचो.

जाण्याच्या आठवडाभर आधी ती माझ्यासमोर येऊन बसली. एरवी ती अशी बसायची नाही.

"अहो, तिथं कसं होतंय ते मला कळायचं नाही. आणि नंतर ते ऐकायला कुठं मिळणार? तुम्ही नीट ऐका, आणि माझी ओळ कशी झाली ते मला खरं सांगा. बरं वाटावं म्हणून नको."

"अगं, तेवढ्यासाठीच तर हे कान आहेत."

"दुसऱ्या कुणाला विचारणार नाही मी," ती म्हणाली.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत तिनं माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आणि हे मागणं तर फुकटातलं होतं. मी मोठ्या मनानं हो म्हणालो.

रविवारी बैठकीत ही बातमी सांगताच मंडळी उभीच राहिली. आनंद गाण्याचा नव्हता. बाईमाणसाचा आवाज, तोही थेट, मध्ये तबकडी नाही, सुई नाही! अशी परीक्षा पुन्हा कधी मिळायची? मास्तर खोलीत येरझाऱ्या घालू लागले. स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा बसवला की आवाज घुमतो हे तेव्हा गावोगावच्या शौकिनांना ठाऊक होतं. पण मास्तरांचं म्हणणं पडलं की माठ लहान पडेल. खरा खर्ज पाहिजे तर रांजण पाहिजे.

रांजण आमच्या घरात एकच होता आणि तो पाण्याचा होता. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. तिनं रांजणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझा आवाज नीट येईल ना त्यातून?"

"आहे त्याहून चांगला येईल."

"आहे तसा आला तरी पुरे," ती म्हणाली, आणि पाणी उपसायला लागली. कळश्या भरल्या, बादल्या भरल्या, पुरणाचं पातेलं भरलं. घड्याळजींनी वायर घालायला रांजणाच्या बुडाला भोक पाडलं. ते पाडताना केसाएवढी चीर गेली, पण ती आवाजाला पोषकच आहे असं त्यांनी सांगितलं. मग ओला रांजण आवाज पितो म्हणून आम्ही तो तीन दिवस उन्हात ठेवला. गावात बायका रिकामे हंडे घेऊन विहिरी शोधत होत्या, आणि चार शहाणे गच्चीवर रांजण वाळवत होते.

बुधवारी सकाळी आठही जणी एस.टी.नं पुण्याला निघाल्या. निघण्याआधी ती चुलीजवळ उभी राहून गरम पाणी पीत होती आणि तोंडात खडीसाखर धरत होती. का, असं विचारायचं मला सुचलं नाही. मी एरियलची तार ताणत होतो.

गुरुवारी मी कारखान्यातून रजा घेतली, मास्तरांनी शाळेत पोटदुखी कळवली. साडेअकरालाच रेडिओ लावला, तर हम. मास्तरांनी निदान केलं की अर्थिंगची सळई तुळशीजवळ पुरलीय आणि जमीन कोरडी ठाक आहे, करंट उतरणार कुठं? तिथं पाणी ओतलं पाहिजे. मी पुरणाच्या पातेल्यातून दोन तांबे पिण्याचं पाणी नेऊन सळईवर ओतलं. जमिनीनं ते घटाघट पिऊन टाकलं. हम कमी झाला. आम्हाला अगदी भरून आलं.

मग निवेदिकेनं गावाचं नाव घेतलं आणि टाळ सुरू झाले.

"टाळ कानात घुसतोय. तो टोन कमी करा."

"कमी केला तर खर्ज बसेल. रांजण जरा भिंतीकडे घ्या."

"भिंतीकडे नको, कोपऱ्यात."

आम्ही रांजण कोपऱ्यात सरकवला, वायर निघाली, पुन्हा खोचली. मास्तर स्वयंपाकघरात जाऊन ओरडले, "इथून ऐका, इथून फार गोल येतोय!" तेवढ्यात सगळे आवाज थांबले आणि एकच आवाज राहिला. कंपाउंडर म्हणाले, "हात लावून पाहा." चौघांनी रांजणाच्या पोटावर तळवे टेकले. खापरातून थरथर हाताला लागत होती. वरून ओळ येत होती, 'आड कोरडा पडला', आणि आमचे डोळे मिटलेले.

"वा," मास्तर म्हणाले. "वहिनींचा खर्ज बघा."

"हजारांत ओळखेन मी," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी ती परत आली. आवाज चांगलाच बसलेला होता. एस.टी.ची धूळ, मी मनाशी म्हणालो. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "ऐकलंत?"

ऐकलंत काय विचारतेस, म्हणून मी जे सुरू झालो ते थांबेचना. हम नावाला नव्हता. टाळ सुटा येत होता. भरीव आवाज, घुमारा असा की भिंत बोलावी.

"आणि माझी ओळ?"

"तुझी ओळ तर सगळ्यांत स्वच्छ. चौघांनी मान डोलावली. आवाज एवढासुद्धा हलला नाही तुझा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "बरं," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन रांजणाच्या रिकाम्या तिवईवर एक हंडा ठेवला.

संध्याकाळी दूधवाला आला. ती पातेलं घेऊन दारात गेली. मी आत रांजणाशेजारी बसलो होतो, मधे फक्त पडदा.

"वैनी, काल तुमची ओळ दुसऱ्याच बाईनं म्हनली. घसा बसला हुता व्हय?"

"हो दादा. बुधवारी पोचेपर्यंत पार गेला. नुसता वारा यायचा. मग शेजारच्या काकूंना दिली."

"मला वाटलंच. म्हशीला पानी दावत हुतो. तुमचा आवाज आला न्हाई, म्हनून डबडं कानाला लावून बघितलं. त्या बाई बऱ्या म्हनल्या, पर 'माहेरी'वर लई घाई केली. तुमी तिथं थांबता."

"थांबायलाच पाहिजे तिथं," ती म्हणाली. "पुढचं म्हणायला बाईला वेळ लागतो."

आणि त्या फुटक्या घशानं तिनं ती ओळ त्याला म्हणून दाखवली. 'माहेरी' म्हणून ती थांबली. मग 'सांगू नका' आलं, जवळजवळ श्वासातच. दूधवाला थांबला होता, नेहमीसारखा. महिनाभर ही ओळ माझ्या घरात चालली होती आणि मी ती तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मला इतकी लाज वाटली की पडदा सारून बाहेर जाणं जमेना. ती दूध घेऊन आत आली, मला पाहिलं, आणि दूध तापत ठेवलं.

रविवारी नऊला मंडळी हजर. मास्तर रांजणावर प्रेमानं हात फिरवत होते. ती चहा घेऊन आली तेव्हा तिचा घसा सुटला होता.

"वहिनी, यांनी सांगितलं की नाही?" मास्तर म्हणाले. "काय आला हो तुमचा आवाज! आम्ही चौघांनी ओळखला, हात लावून."

मी मान वर केली नाही. आता ती सांगणार, आणि सांगितलंच पाहिजे तिनं, असं मला वाटत होतं.

"हो, सांगितलं की यांनी," ती म्हणाली. "सगळं सांगितलं." तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली.

मास्तरांनी तबकडी लावली.