काकूजींनी शिकवलेलं मशीन

काकूजी मायक्रोस्कोपमध्ये बघताना दुसरा डोळा कधी मिटत नसत. एका डोळ्याने रक्तातला मलेरियाचा जंतू शोधायचा आणि दुसऱ्याने मी काचा नीट धुते की नाही ते बघायचं. झाशीच्या सदर बाजारातल्या आमच्या लॅबमध्ये मराठी आम्ही दोघीच. मी त्यांना काकू म्हणायचे, बाकीच्यांनी त्याला 'जी' जोडलं, मग मीही काकूजीच म्हणू लागले.

शिकवताना भारी खाष्ट होत्या. "'आहे' म्हणायला एक जंतू पुरतो. 'नाही' म्हणायचं तर काचेवरच्या शंभर जागा बघ," असं बजावायच्या. एकदा मी साठावरच थांबले, तर सगळी काच पहिल्यापासून बघायला लावली. डबा तसाच राहिला. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

मग मालकांनी काचा वाचणारं मशीन घ्यायचं ठरवलं. आधी त्याला शिकवायचं होतं. कॉम्प्युटरवर काचांचे फोटो यायचे आणि जंतू दिसेल तिथे आम्ही गोल करायचा. म्हणजे आपल्याच हातांनी आपली खुर्ची रिकामी करायची. शेजारच्या टेबलावरचे भैया हळूच म्हणाले, "काकूजी, थोड़ा गलत भर दीजिए। मशीन फेल, नौकरी बची।"

"भैया, ये भी तो किसी का ख़ून है," काकूजी फोटोतल्या रक्ताकडे बोट दाखवत म्हणाल्या आणि पुढचा फोटो उघडला.

मी मात्र फार घाबरले होते. घरात कमावती मी एकटी. दिसलेले जंतू मी गोल न करताच सोडून देऊ लागले. असे सोडलेले चार काकूजींनी पकडले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अजून किती?" त्यांनी विचारलं.

"एवढेच," मी सांगितलं. ते खोटं होतं.

मशीन आलं. काकूजींना घरी बसवलं, मला बटण दाबायला ठेवलं. ट्रेनिंग सेंटरमधून नव्या मुली येतात, त्यांच्या कोर्समध्ये काच वाचायला आता एकच दुपार आहे. दोन वर्षांत माझी जंतू ओळखायची नजरही गेली. मशीन चुकलं तर ओळखणारं इथे कोणी नाही, या विचाराने मला धडकी भरते.

गेल्या आठवड्यात काकूजी तापाने फणफणलेल्या आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मला आवाजावरून ओळखलं. रक्त मीच काढलं. मशीन म्हणालं, जंतू नाही. मी कपाटातून जुना मायक्रोस्कोप काढून काच लावली. एक जांभळा ठिपका दिसला. जंतू की रंगाचा कण, काही केल्या कळेना.

"मशीन काय म्हणतंय गं?" काकूजींनी बाकावरून विचारलं.

"नाही म्हणतंय."

"मग नसेल. त्याला आपणच तर शिकवलंय." त्यांनी शाल ओढून घेतली आणि निवांत भिंतीला डोकं टेकलं.

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

"काकूजी," मी म्हटलं, "तेव्हा ते चारच नव्हते."