तीन तान्ही आणि एक धोतर

कंपाउंडरची परीक्षा पास झालो तेव्हा मला वाटलं होतं की बोदवड नाहीतर भुसावळ मिळेल. घर जवळ, केळीचे घड येत-जात राहतील, आईच्या हातचं जेवण सुटणार नाही. हुकूम आला तो पश्चिम खानदेशातला. नरडाण्याला गाडीतून उतरायचं, तापी ओलांडून शिरपूर गाठायचं आणि तिथून बैलगाडीनं सातपुड्याच्या पायथ्याशी एका दवाखान्यात हजर व्हायचं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा होता. माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि दोन धोतरं. एक नेसलेलं, एक पेटीतलं. धोतरांचा हिशोब मुद्दाम सांगतोय, कारण पुढं त्यावरूनच माझी अब्रू गेली.

दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि लांबलचक ओटा. डॉक्टरसाहेब रत्नागिरीकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, नवेच लग्न झालेले. बोलणं इतकं शुद्ध की ऐकताना आपण शाळेत बसलोय असं वाटे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "कंपाउंडर, रोग्याशी मी बोलत असताना मध्ये बोलायचे नाही. विचारले तरच उत्तर द्यायचे."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळीच या नियमाची परीक्षा झाली.

वरच्या पाड्यावरून एक पावरा आदिवासी बाई आली. कडेवर पाच-सहा महिन्यांचं मूल, मागं काठी टेकत तिचा सासरा. सहा कोस चालून आले होते. बाई बाजाराला शिरपूरला जायची, त्यामुळे तिला अहिराणी येत होती. ती डॉक्टरसाहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोऱ्याले डबा व्हयेल शे."

डॉक्टरसाहेब चपापले. "डबा? कसला डबा?"

"डबा. छातीमा."

"छातीत डबा? गिळला?" साहेबांनी मुलाचं तोंड उघडून आत पाहिलं. "केवढा होता?"

बाईनं मुलाच्या गळ्याखाली बोट ठेवलं, मग बेंबीवर ठेवलं. "आठेपाईन आठेलगून."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्याकडं पाहू लागले. मला सगळं कळत होतं. आमच्या रावेरकडंही तान्ह्या मुलाला सर्दी छातीत उतरून धाप लागली की डबा झाला असंच म्हणतात. पण मला विचारलं कुठं होतं? मी नियमाप्रमाणे गप्प उभा. साहेबांनी चिमटा मागितला, तो दिला. आरसा मागितला, तोही दिला. डबा पत्र्याचा होता की पितळी, असं त्यांनी बाईला विचारलं तेव्हा मात्र तिनं सासऱ्याकडं वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि दोघं परत निघायला लागले. ती काय म्हणाली ते कळायला पावरी यायची गरज नव्हती.

"साहेब, बोलू का?" मी म्हणालो.

"अहो, बोला की!"

मी सांगितलं. साहेबांनी चिमटा खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि मुलाचं झबलं वर केलं. मग मात्र ते एकदम वेगळेच झाले. मूल रडतही नव्हतं. रडायला श्वास पुरत नव्हता. नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि छातीतून मांजराच्या पिलासारखी बारीक शिट्टी येत होती. साहेबांनी घड्याळ काढून श्वास मोजले. दोनदा मोजले.

म्हाताऱ्यानं कमरेच्या फडक्यातून विळा काढून ओट्यावर ठेवला. "डाग देना पडी. पोटवर चार. इस्तो कोठे शे?"

इस्तो म्हणजे विस्तव. विळा तापवून तो नातवाच्या पोटाला लावणार होता.

"मुळीच नाही!" साहेब म्हणाले.

"मंग तुम्हना जोडे काय शे?"

तुमच्याजवळ काय आहे, असं तो विचारत होता; साहेबांनी कपाटाकडं पाहिलं. आमच्या कपाटात खोकल्याचं मिक्श्चर होतं, क्विनीन होतं, आयोडीन होतं. यातलं एकही त्या मुलाच्या कामाचं नव्हतं, हे मला आता कळतं. त्यांना तेव्हाच कळलं असावं.

"वाफ," ते म्हणाले.

"पानीनी वाफ?" म्हातारा इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. त्याची स्वतःची छाती भात्यासारखी वाजत होती. शेवटी तह झाला तो सुनेनं केला. दवाखान्यासमोर मोहाचं झाड होतं. दिवस त्या झाडाच्या मागं जाईपर्यंत मूल डॉक्टरचं, मग आजोबाचं. म्हाताऱ्यानं झाडाकडं एक डोळा मिटून पाहिलं आणि कबूल केलं.

आता वाफेचा तंबू करायचा तर कापड हवं. दवाखान्यात जादा चादर नव्हती. साहेबांची नजर फिरत फिरत अंगणातल्या दोरीवर गेली. तिथं माझं दुसरं धोतर वाळत होतं.

"कंपाउंडर, हे कोणाचे?"

त्यांना माहीत होतं कोणाचं ते.

खाटेला चार बांबू बांधले, वर धोतर टाकलं. किटली साहेबांच्या घरची, चहाची. तिच्या तोंडाला बसेल अशी नळी नव्हती, तेव्हा मी परसातल्या पपईचं पान तोडलं आणि त्याचा लांब पोकळ देठ बसवला. तो इतका चपखल बसला की साहेब मला पहिल्यांदा "वा!" म्हणाले. किटली मात्र घाईत कुणी विसळली नव्हती. थोड्याच वेळात तंबूतून आल्याच्या चहाचा खमंग वास यायला लागला. आई मुलाला उभं धरून आत बसली. साहेबांनी तिला दूध वाटीत काढून चमच्यानं थेंब थेंब पाजायला सांगितलं, कारण मुलाला ओढून पिता येत नव्हतं. नाक पुसायला कापसाच्या वाती दिल्या. ती सगळं एकदाच ऐकून करत होती. साहेब मला मात्र तीच गोष्ट तीनदा सांगत.

म्हातारा बाहेर अस्वस्थ. एवढ्या धुरासारख्या वाफेत नातवाला शिजवतात की काय, ही त्याची शंका. त्यानं धोतराची कड उचलून डोकं आत घातलं. थोडा वेळ डोकंच आत होतं. मग खांदे गेले. मग तो अख्खा आत गेला आणि पावलं तेवढी बाहेर राहिली.

"बाबा, बाहेर या," साहेब म्हणाले.

"मी पोऱ्यावर ध्यान ठेई ऱ्हायनू," आतून आवाज आला. आवाज बराच मोकळा झाला होता.

"बाबा, वाफ मुलासाठी आहे!"

"त्याले बी भेटी ऱ्हायनी."

मी किटली भरत होतो, चूल फुंकत होतो. दुपार झाली. तंबूतून कधी खाकरणं ऐकू येई, कधी समाधानाचा उसासा. दिवस मोहाच्या शेंड्याला टेकला. मी पाहिलं. साहेबांनी पाहिलं. मुलाच्या आईनं कडेच्या फटीतून पाहिलं आणि माझ्याकडं बघून बोट ओठांवर ठेवलं. दिवस फांद्यांमधून खाली घसरला, झाडामागं गेला, झाड ओलांडून टेकडीपर्यंत गेला. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो आणि मूल मात्र त्या मानानं बरं घेत होतं. त्यानं आठ-दहा चमचे दूध गिळलं होतं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच रडलं होतं. ते रडणं ऐकून साहेबांनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली.

शेवटी म्हातारा बाहेर आला. चेहरा वाफाळलेला, मिशा चिकटलेल्या. त्यानं वर पाहिलं.

"आरे, दिन कोठे गया?"

मी चूल फुंकायला वाकलो. सून मुलाचं नाक पुसण्यात गढून गेली होती. म्हाताऱ्यानं एकेकाकडं पाहिलं, नातवाकडं पाहिलं, विळा उचलला आणि परत कमरेला लावला. "सकायले देखू," म्हणाला. सकाळी तो सगळ्यांच्या आधी तंबूत होता.

दोन दिवसांत आणखी दोन मुलं आली, त्याच अंगाच्या पाड्यांवरून. एक आठ-नऊ महिन्यांची मुलगी, एक जेमतेम दीड महिन्याचा मुलगा. तंबू दोन वाढले. एकावर बाईसाहेबांची, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या पत्नीची, लग्नातली जरीकाठी साडी गेली. दुसरं कापड काही केल्या मिळेना. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"साहेब, हे नेसलेलं आहे."

"ते दिसते आहे."

बाईसाहेबांनी खिडकीचा पडदा काढून दिला. गुलाबी फुलांचा होता. पडदा तंबूला लावा म्हटलं तर तो अपुरा पडत होता, कंबरेला मात्र बरोबर पुरत होता. मी नेसलेलं धोतर तंबूला दिलं, पडदा लुंगीसारखा गुंडाळला आणि कामाला लागलो. पाड्यावरच्या बायका माझ्याकडं पाहून पदरात तोंड घालत होत्या. रात्रंदिवस आजारी मुलं घेऊन बसलेल्या बायकांना तेवढं तरी हसायला मिळालं, असं मी स्वतःला समजावत होतो.

आणि नेमकी त्याच दिवशी धुळ्याहून मोठ्या साहेबांची मोटार आली. तपासणी. उंचपुरे गृहस्थ, हॅट, चकचकीत बूट. त्यांनी ओट्यावर रांगेनं उभे तीन तंबू पाहिले, पपईच्या देठांतून निघणारी वाफ पाहिली.

"कंपाउंडर कुठे आहे?"

"मीच, साहेब."

त्यांनी माझं खालपासून वरपर्यंत निरीक्षण केलं, फुलांपाशी थोडं जास्त वेळ. मग पुढं होऊन पहिल्या तंबूची कड उचलली. आत आई, मूल, आजोबा आणि शेजारच्या पाड्यावरचे दोन म्हातारे मांडी घालून बसले होते. पाड्यांवर बातमी गेली होती की दवाखान्यात छाती मोकळी करून मिळते.

"रोगी किती?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"तीन, सर," डॉक्टरसाहेब म्हणाले. "प्रत्येक तंबूत एक."

"मग हे कोण?"

आमच्या म्हाताऱ्यानंच उत्तर दिलं. "आम्ही पाहुना शेतस."

मला वाटलं, आता दोघांचीही नोकरी गेली. पण मोठ्या साहेबांनी हॅट काढून खुंटीला लावली, पाहुण्यांना थोडं सरकायला सांगितलं आणि स्वतः आत बसून घड्याळ काढलं. पहिल्या मुलाचे श्वास मोजून "ठीक" म्हणाले. मुलीचे मोजून "ठीक" म्हणाले. दीड महिन्याच्या मुलापाशी बराच वेळ बसले आणि काहीच न म्हणता बाहेर आले. त्या मुलाच्या पोटावर चार डाग होते. पाड्यावरच देऊन आणलं होतं.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. श्वास घेता घेता दमला आणि थांबला. त्याची आई त्याला तशीच मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि आमच्या पहिल्या मुलाची आई तिच्या पाठीला पाठ लावून बसली. म्हातारा डॉक्टरसाहेबांजवळ आला.

"याले डाग दिधा व्हता. तरी?"

"तरी," साहेब म्हणाले.

"आन वाफ बी दिधी. तरी?"

साहेबांनी खाली पाहिलं. "तरी, बाबा. कधीकधी आमच्याकडंही काही नसतं."

ते 'आमच्याकडे' म्हणायच्या ऐवजी 'आमच्याकडं' म्हणाले, हे मला का लक्षात राहिलं कोण जाणे. म्हाताऱ्यानं स्वतःची तंबाखू साहेबांपुढं धरली. साहेब तंबाखू खात नसत. त्यांनी घेतली, खाल्ली, आणि मग परसात जाऊन ओकले.

बाकीची दोघं सुधारली. मुलगी आधी घरी गेली. आठवड्यानं आमचं पहिलं मूलही चांगलं ओढून दूध पिऊ लागलं. त्याच्या आईनं जायच्या दिवशी तंबूवरचं धोतर खाली ओढलं, नीट घडी घातली आणि मुलाला त्यातच गुंडाळलं. मला विचारलं नाही. मी आशेनं बघत उभा होतो.

"भाऊ, हाई पोऱ्यानं शे," ती म्हणाली. पोऱ्याचं आहे. संपलं.

साहेब मुलाला शेवटचं तपासायला वाकले. कान छातीला लावला, मान डोलावली, हसून तोंड वर केलं, आणि त्या मुलानं नेमकी तेव्हा त्यांच्या उघड्या तोंडात एक दणदणीत शिंक दिली.

तिसऱ्या दिवशी साहेबांचं नाक गच्च. पाचव्या दिवशी माझं. जी सर्दी तान्ह्यांच्या जिवावर उठली होती, तिनं आम्हाला नुसतं दोन लालबुंद नाकं दिली. आम्ही दोघं ओट्यावर घोंगड्या पांघरून बसलो आणि चार दिवस बाईसाहेबांनी दवाखाना चालवला. लोकांनी त्यांचं जेवढं कौतुक केलं तेवढं आमचं कधी केलं नव्हतं. त्या दिवसांतच साहेबांना सुचलं की पुढच्या हिवाळ्याच्या आत चादरी मागवायला हव्यात. त्यांनी जिल्ह्याच्या लोकल बोर्डाला अर्ज सांगायला सुरुवात केली. मी लिहायला बसलो. माझं डोकं इतकं जड होतं की कानावर पडेल ते कागदावर उतरत होतं.

सही करायच्या आधी अर्ज बाईसाहेबांनी वाचला. वाचता वाचता त्या खालीच बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून हसू लागल्या. अर्जात लिहिलं होतं: 'बाददीय साहेबांस दब्र विदंती की लहाद बुलांसाठी चार चादरी बिळाव्यात.'

"हे काय लिहिलंय, भावजी?"

"साहेबांनी सांगितलं तेच," मी म्हणालो.

"बी असे बुळीच बोललो दाही!" साहेब म्हणाले.

अर्ज पुन्हा लिहिला, बाईसाहेबांनीच. चादरी आल्या, चारच्या चार, ऐन वैशाखात. त्या दिवशी ऊन इतकं होतं की गठ्ठा सोडायलाही कुणी ओट्यावर आलं नाही.