अर्ध्या दाढीवरचं बिल

आज मी जो काही आहे, तो नेवाशाच्या न्हावीकाकांमुळे. दिल्लीच्या कायदेमंडळात बिल तीनदा वाचतात, हे पेपरात वाचल्यापासून काकाही दुकानात प्रत्येक गोष्ट तीनदा वाचून मताला टाकत. माझ्या वडिलांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं, तेव्हा काकांनी त्यांची अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला.

"आबा, बिल मांडतो. पोरगं फुडं शिकंल."

"आरं, आदी दाढी तर कर!"

"मत झाल्याबिगर न्हाई."

तीन वाचनं झाली. सगळी गिऱ्हाइकं 'हो' म्हणून ओरडली. शेवटी साबणाच्या तोंडानं आबाही हसत 'हो' म्हणाले.

बी.ए. झाल्यावर मी दिल्लीहून लिहिलं, "काका, कायदेमंडळ पाहिलं. सभापतींनी मत विचारलं आणि सवयीनं मीही प्रेक्षकांतून मोठ्यानं 'हो' म्हणालो. शिपायानं बाहेर काढलं. बिल मात्र पास झालं."