भुरी दिसेपर्यंत शोध

माझ्या मुलीचं गावातलं काम मी लिहिलेल्या एका ओळीमुळं गेलं. ही गोष्ट मी गावात कुणाला सांगितली नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागं सरते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे, म्हणून वहीत लिहिते.

आमचं गाव सोनपेठ तालुक्यात. घरी मेंढरं आणि शेळ्या. मालक मेंढरांमागं असतात, शेळ्या दीर चारायला नेतात. मुलगी परभणीला कॉम्प्युटर शिकली आणि शिकून गावी परत आली. तिच्या वर्गातल्या पोरी पुण्याला गेल्या. हिला इथंच राहून काम करायचं होतं. मलाही तेच हवं होतं, पण मी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

तिनं शेळ्यांसाठी एक अॅप केलं. शेळीच्या गळ्यात छोटा बिल्ला आणि शेळ्या कोंडायच्या वाडग्याच्या दारात एक डबी. शेळी आत आली की डबीला कळायचं आणि डबीकडून फोनला. दिवस मावळल्यावर जी शेळी आली नाही तिच्यासाठी फोन वाजायचा. पण प्रत्येक घराचं वेगळं. जाऊबाईंची काळी रोजच मागं राहते आणि आपली आपण येते, तिच्यासाठी फोन वाजून जाऊबाई वैतागल्या. दुसरीला फक्त गाभण शेळीचं हवं होतं. कुणाला काही बदल पाहिजे असला की मुलगी अॅप नव्यानं बांधायची आणि घरोघर जाऊन फोनात टाकायची. दमून गेली पोर.

मग तिनं अॅपच्या पोटात एक इंटरप्रिटर बसवला. मी विचारलं, हे काय असतं. ती म्हणाली, दुभाष्या समज. आपण साध्या शब्दांत ओळ लिहायची, तो ती वाचतो आणि तसं अॅपकडून करून घेतो. ओळ बदलली की काम बदलतं, अॅपला हात लावावा लागत नाही. भाषा कुणीतरी आधीच केलेली होती, हिनं तिचे शब्द मराठी केले. शोध, सांग, थांब, दिसेपर्यंत. आणि त्या दुभाष्याला तिनं बाकीची दारं बंद ठेवली होती. त्याला कुणाचे फोटो बघता येत नव्हते, कुणाला फोन लावता येत नव्हता. डबीला विचारायचं आणि फोन वाजवायचा, एवढंच त्याच्या हातात.

मला म्हणाली, "आई, तू बी लिही. कायबी लिही, बिघडत न्हाई."

मी हसून टाळलं. ती शेळ्या पाळणाऱ्या बायकांना शिकवायची तेव्हा मी मागं बसून ऐकायची. बायका लिहायच्या, चुकायच्या, हसायच्या. मी घरी आल्यावर वहीत उतरवून काढायची.

एका संस्थेची माणसं बघायला येणार होती. त्यांना पटलं तर आजूबाजूच्या बारा गावांत हे लावायचं आणि काम मुलीकडं द्यायचं, तेही घरी बसून. न पटलं तर तिला पुण्याच्या नोकरीचं बोलावणं आलेलंच होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी शेळ्या वाडग्यात आल्या. मुलगी समाजमंदिर झाडायला गेली होती. मी माझा फोन घेतला आणि लिहिलं:

भुरी दिसेपर्यंत शोध.

भुरी आमची पाठीवर पांढरा ठिपका असलेली शेळी. दुसरं काय लिहिणार? आमच्या घरात जित्राब हरवलं की ते सापडेपर्यंत शोधणारा परत येत नाही आणि मागं राहिलेल्या बायका चूल पेटवत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी एक मेंढी दोन दिवस शोधली होती. इतका वेळ शोध आणि मग सोडून दे, असं आमच्यात कुणी सांगत नाही. बटण दाबलं. भुरी समोरच उभी होती, फोनवर लगेच हिरवी खूण आली. मला इतका आनंद झाला की कुणाला दाखवायचीही लाज वाटली. आमच्या घरातल्या ओळी एकाच यादीत जातात आणि त्या मुलीच्या फोनवरही चालतात, हे मला माहीत होतं. त्यानं काही होईल असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं दुपारी आली. दुपारी शेळ्या रानात असतात. मुलीनं समाजमंदिरात सगळ्यांसमोर फोन भिंतीवर मोठा करून दाखवला, यादी चालू केली, आणि फोन जागच्या जागी थांबला. गोल फिरत राहिला. वाडग्यात भुरी नव्हती आणि दुभाष्या डबीला परत परत विचारत होता, भुरी दिसली का, भुरी दिसली का. मला ते तेव्हाच कळलं. मुलीनं फोन बंद करून चालू केला. यादी लागली की पुन्हा तेच.

जाऊबाई म्हणाल्या, "शेळ्या सापडायच्या राहू द्या, हितं फोनच हरवलाय की वो." बायका हसल्या. पाहुणेही हसले.

मुलगी म्हणाली, कुणाची तरी ओळ अडकली असेल. पाहुण्यांतले एकजण उठताना म्हणाले, गावातली बाई काय लिहील याचा आधी विचार करायला हवा होता. मुलगी म्हणाली, "बायांची चूक नाही सर. चूक माझी आहे." मी खांबापाशी बसले होते. पदर तोंडावर धरला होता. उठून दोन शब्द बोलायचे होते, ही ओळ माझी आहे, ती काढा आणि पुन्हा लावा. पण उठले नाही. ती माणसं चहा पिऊन गेली.

महिनाभरानं ती पुण्याला गेली. गंगाखेडहून रेल्वेत बसवून मालक परत आले आणि तसेच मेंढरांमागं गेले. माझ्याकडं मुद्दाम बघत नाहीत, असं मला वाटायचं. त्यांना काही माहीत नव्हतं.

यंदा जोंधळा काढायच्या वेळी तिचा फोन आला. मी एकटी होते. मी म्हटलं, "बाई, ती ओळ मी लिहिली व्हती."

ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं, आई, पाहुणे गेल्यावर. कुठल्या फोनवरून आली ते ओळीपुढं दिसतंय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू पयल्यांदा काहीतरी लिहिलं व्हतंस. बोलले असते तर परत लिहिलं नसतंस."

खरं होतं. नसतं लिहिलं.

मग ती सांगत राहिली. लोक अशी ओळ लिहिणारच. दुभाष्या बसवणाऱ्यानं त्याला माप घालून द्यायचं असतं, इतक्या वेळा विचार, मग सोड. ते तिच्या डोक्यात होतं, घाईत राहून गेलं. तिकडं ऑफिसात ती आता हेच काम करते. मोठ्या अॅपमध्ये लोकांनी लिहिलेल्या ओळी कुठं थांबवायच्या ते ठरवते. सगळे तिला मानतात म्हणाली. खोली चांगली आहे, पाणी चोवीस तास असतं.

मी हं हं म्हणत होते. परत ये, एवढंच बोलायचं होतं. त्या संस्थेला पुन्हा विचारता आलं असतं, दुसरी संस्था मिळाली असती. तिनंही मध्येच विचारलं, "अजून काय, आई?" मी विचारलं, जेवलीस का. जेवले म्हणाली. मग ठेवते म्हणाली आणि ठेवला.